सीझरच्या टेबलावरची अंधारी: 'सगळ्यांना माहीत असलेल्या' एका गोष्टीचा इतिहास

सीझर झालेल्या तुमच्या बहिणीला, वहिनीला किंवा मैत्रिणीला त्या दिवसाबद्दल विचारून बघा. बऱ्याच जणी जवळजवळ सारखंच सांगतील. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय गरम झाले, मग जड झाले, आणि दोन-चार मिनिटांत एकदम कसंतरी व्हायला लागलं. मळमळ, कानात सूं आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, घाम. 'मी चालले' असं वाटणं. डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांनी सलाईनच्या नळीतून काहीतरी दिलं आणि मिनिटभरात सगळं निवळलं. थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं.

आज आपण त्या 'काहीतरी'चा इतिहास बघणार आहोत. तुम्ही भूलशास्त्राचे विद्यार्थी नसाल, मीही नाही. पण पीएचडीच्या वाटेवर असलेल्यांनी हा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं. एक प्रयोग चांगला होतो, त्याचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात जातो, मग तो निष्कर्ष मूळ प्रयोगापेक्षा मोठा होतो आणि पुढची पंचवीस वर्षं त्याला कुणी फारसं हात लावत नाही. असं कसं घडतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आधी शरीरात काय होतं ते

कमरेतल्या मणक्यांच्या मधून सुई घालून पाठीच्या कण्यातल्या द्रवात भुलीचं औषध सोडलं की तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंचं काम थांबतं. वेदना नेणारे तंतू थांबतात, हे तर आपल्याला हवंच असतं. पण त्यांच्यासोबत आणखी एक जाळं बंद पडतं, ते म्हणजे सिम्पथेटिक मज्जासंस्था. रक्तवाहिन्या किती आवळलेल्या ठेवायच्या हे ती ठरवते. सीझरसाठी भूल छातीपर्यंत, साधारण स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढावी लागते. म्हणजे शरीराच्या खालच्या मोठ्या भागातल्या रक्तवाहिन्या एकाच वेळी सैल पडतात, रक्त पाय आणि पोटात साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि बीपी घसरतं. मेंदूला रक्त कमी पडलं की अंधारी येते. काहीही उपाय केला नाही तर सीझरच्या दहापैकी सात-आठ जणींचं बीपी असं खाली येतं.

यात प्रश्न फक्त आईचा नसतो. दिवस भरत आले की आईच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण दहावा हिस्सा गर्भाशयाकडे जातो. मेंदूसारखं स्वतःचा रक्तप्रवाह सांभाळून घेणं गर्भाशयाला फारसं जमत नाही. आईचं बीपी पडलं की बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. म्हणून 'बीपी वर कसं आणायचं' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला नेहमी दोन बाजू असतात: आईला बरं वाटलं पाहिजे, आणि तिला बरं वाटावं म्हणून दिलेल्या औषधाने बाळाचं नुकसान होता कामा नये. पुढची सगळी गोष्ट या दोन बाजूंच्या ताणातून घडते.

कील, १८९८: चक्कर एक, कारणं दोन

ऑगस्ट १८९८. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने कण्यातल्या द्रवात कोकेन सोडून पायावरची शस्त्रक्रिया केली. काही रुग्णांनंतर त्याने प्रयोग स्वतःवर करायचं ठरवलं. मदतनीस होता हिल्डेब्रांट. सुई बरोबर गेली, पण सिरिंज तिच्यावर नीट बसेना. औषध बाहेर सांडलं आणि बीअरच्या कण्यातला बराच द्रवही वाहून गेला. मग दोघांनी जागा बदलल्या. हिल्डेब्रांटचे पाय बधीर झाल्यावर बीअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारली, पेटता सिगार टेकवला, केस उपटले. काही जाणवलं नाही. संध्याकाळी दोघांनी जेवण, वाइन आणि सिगार असा बेत केला.

दुसऱ्या दिवसापासून बीअरला डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली. उठून बसलं की त्रास, आडवं झालं की आराम. असे नऊ दिवस गेले.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. बीअरची चक्कर आणि सीझरच्या टेबलावरची चक्कर या सारख्या नाहीत. त्याची चक्कर कण्यातला द्रव कमी झाल्यामुळे होती, टेबलावरची बीपी पडल्यामुळे असते. रुग्णाच्या तोंडचा शब्द एकच, यंत्रणा दोन. लक्षणाच्या नावावरून कारण गृहीत धरायचं नाही, हा धडा या शास्त्राच्या जन्मातच आहे.

दोनच वर्षांत, १९०० मध्ये, बाझेल इथे ऑस्कर क्राइसने हीच पद्धत प्रसूतीच्या कळांसाठी सहा बायकांवर वापरली. पण तेव्हा भूल देताना नियमितपणे बीपी मोजण्याची रीतच नव्हती. रिव्हा-रोचीचा दंडावर बांधायचा पट्टा १८९६ चा. हार्वी कुशिंगने तो इटलीत पाहून १९०१ मध्ये अमेरिकेत नेला. कोरोटकॉफची स्टेथोस्कोप लावून ऐकण्याची पद्धत १९०५ ची. म्हणजे सुरुवातीच्या काळात रुग्ण पांढरी पडली, घाम आला, नाडी क्षीण लागली एवढंच दिसायचं. जे मोजताच येत नाही त्यावर वाद घालता येतो, संशोधन करता येत नाही.

एक झुडूप ओटीत येतं

चीनमध्ये शतकानुशतकं वापरल्या जाणाऱ्या मा हुआंग या झुडपातून जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रीन वेगळं काढलं होतं. (याच कुळातल्या हिमालयातल्या एका जातीला आपल्याकडे सोमलता म्हणतात.) १९२४ मध्ये पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी दाखवलं की ते बीपी वाढवतं आणि त्याचा परिणाम ॲड्रेनलीनपेक्षा जास्त वेळ टिकतो. तीन वर्षांत, १९२७ मध्ये, ऑकरब्लाड आणि डिलन यांनी कमरेतल्या भुलीत पडणारं बीपी सावरायला एफेड्रीन वापरल्याचं प्रसिद्ध केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे तेच नायक होणार आहे आणि मग पायउतारही.

मधली माघार

इतिहास सरळ रेषेत गेला असता तर १९३० नंतर कमरेतली भूल सगळीकडे पसरली असती. तसं झालं नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाने कमरेतून भूल दिलेल्या वूली आणि रो या दोन पुरुषांचे पाय कायमचे लुळे पडले. शस्त्रक्रिया दोन्ही साध्याच होत्या. खटला उभा राहिला. काचेच्या अँप्युल फिनॉलमध्ये बुडवून ठेवलेल्या होत्या, न दिसणाऱ्या तड्यांतून फिनॉल आत झिरपलं असावं, हे स्पष्टीकरण न्यायालयाने मानलं. १९५४ च्या अपिलात लॉर्ड डेनिंग यांनी बजावलं की १९४७ च्या घटनेकडे १९५४ च्या चष्म्यातून बघू नये. डॉक्टर आणि रुग्णालय दोषमुक्त झाले, पण ब्रिटनमध्ये कमरेतल्या भुलीची धास्ती बसली ती कित्येक वर्षं. सुया-सिरिंज उकळण्याच्या भांड्यातलं, क्षार काढायला वापरलेलं आम्ल हे कारण असावं, असं वेगळं स्पष्टीकरण १९९० मध्ये पुढे आलं.

मग सीझर कसं व्हायचं? पूर्ण बेशुद्ध करून. पण त्याचीही किंमत होती. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेलसन यांनी न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ गर्भारपणांची नोंद तपासली. त्यात भुलीखाली पोटातलं अन्न किंवा आम्ल फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना सापडल्या. शिवाय गर्भवतीच्या घशात श्वासाची नळी घालणं अवघड जातं. बेशुद्धीतल्या या धोक्यांमुळेच विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कमरेतली भूल सीझरकडे परतली. तिच्यासोबत तिची जुनी सावलीही परतली, ती म्हणजे अंधारी.

उताणं झोपवू नका

दरम्यान दुसरीकडून एक धागा येत होता. दिवस भरलेल्या काही बायकांना भूल न देताही नुसतं उताणं झोपल्यावर चक्कर येते आणि कुशीवर वळवलं की लगेच बरं वाटतं. १९५३ मध्ये हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट यांनी याचं नीट वर्णन केलं. जड गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर दाब देतं आणि हृदयाकडे जाणारं रक्त अडतं. १९६४ मध्ये एडिंबरोच्या केर, स्कॉट आणि सॅम्युअल यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही शीर उताण्या अवस्थेत दबलेली प्रत्यक्ष दाखवली. पुढे बर्मिंगहॅमच्या सेल्विन क्रॉफर्ड यांनी आग्रह धरला की सीझरच्या वेळी उजव्या कुशीखाली उशी किंवा पाचर देऊन बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवावं. '१५ अंश डावीकडे' हा नियम जगभरच्या ओटीत रुजला.

आणि २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी गर्भवतींचा एमआरआय काढून पाहिलं. १५ अंशांना शिरेतलं रक्त फारसं वाढतच नव्हतं, फरक पडायला ३० अंश लागत होते. नमुना लहान होता, दहा गर्भवती आणि दहा गर्भवती नसलेल्या. शिवाय ३० अंश कललेल्या टेबलावर शस्त्रक्रिया करणं सोपं नाही. त्यामुळे एका पेपरने नियम मोडीत निघाला नाही, पण '१५ च का?' हा प्रश्न मात्र उघडा झाला.

सलाईनचंही तसंच. १९६८ मध्ये वोलमन आणि मार्क्स यांनी सुचवलं की भुलीआधीच भरपूर सलाईन चढवावं, म्हणजे बीपी पडणार नाही. कल्पना पटण्यासारखी होती: टाकी मोठी होणार असेल तर आधीच जास्त पाणी भरा. १९९३ मध्ये दरबानच्या राऊट आणि सहकाऱ्यांनी एका गटाला सलाईन देऊन, दुसऱ्याला न देता तुलना केली. सलाईन घेतलेल्यांत ५५ टक्के जणींचं बीपी पडलं, न घेतलेल्यांत ७१ टक्के. फायदा आहे, पण अर्ध्याहून जास्त जणींना त्याने वाचवलं नाही. पटणारी कल्पना आणि पुरेशी कल्पना यांत एवढं अंतर असतं.

मेंढ्या, १९७४

आता मुख्य गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राल्स्टन, श्नायडर आणि डी लोरिमिए यांनी गाभण मेंढ्यांना बीपी वाढवणारी चार औषधं दिली: एफेड्रीन, मेफेन्टरमीन, मेटारामिनॉल आणि मेथॉक्सामीन. बीपी सारखंच वाढेल अशा बेताने डोस ठरवले आणि गर्भाशयाकडे जाणारं रक्त मोजलं. एफेड्रीनने ते फारसं कमी झालं नाही. मेफेन्टरमीनने थोडं, मेटारामिनॉलने बरंच आणि मेथॉक्सामीनने सगळ्यात जास्त कमी झालं.

प्रयोग उत्तम होता, यात शंका नाही. निष्कर्षही स्पष्ट दिसत होता. फक्त रक्तवाहिन्या आवळणारी औषधं गर्भाशयाच्या रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून ती टाळा. एफेड्रीन हृदयाचा जोर वाढवून बीपी वर आणतं, म्हणून ते बाळासाठी सुरक्षित. हे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेलं, परीक्षांत विचारलं गेलं, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षं सीझरमध्ये एफेड्रीन हेच पहिलं औषध राहिलं.

आता तुम्ही हा पेपर 'मेथड्स'पासून वाचायला घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, या मेंढ्यांचं बीपी पडलेलं होतं का? नाही. त्यांना कमरेतून भूल दिलेलीच नव्हती. नॉर्मल बीपी औषधाने नॉर्मलच्या वर नेलं होतं. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या पूर्वपदावर आणणं वेगळं, आणि ठीकठाक असलेल्या वाहिन्या आणखी आवळणं वेगळं.

दुसरा, चौघांत फिनाइलेफ्रीन होतं का? नाही. पण तेही रक्तवाहिन्या आवळणारं, मेथॉक्सामीनच्या जातकुळीतलं. एकाचा दोष सगळ्या कुळाला लागला.

तिसरा, शेवटी मोजलं काय? गर्भाशयाचा रक्तप्रवाह. तो महत्त्वाचा आहेच, पण आपल्याला खरं जाणून घ्यायचं असतं ते बाळ कसं आहे हे.

उलटलेला पट

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही जणांनी सीझरच्या बायकांमध्ये फिनाइलेफ्रीन सावधपणे वापरून पाहिलं आणि जन्मल्याबरोबर नाळेतल्या रक्ताचा पीएच मोजला. अपेक्षित होतं ते नुकसान दिसेना. २००२ मध्ये हाँगकाँगच्या ली, न्गान की आणि जिन यांनी असे सात प्रयोग, एकूण २९२ बायका, एकत्र करून पाहिले. बीपी दोन्ही औषधांनी सारखंच सावरत होतं. पण फिनाइलेफ्रीन दिलेल्या आयांच्या बाळांचा पीएच जास्त चांगला होता. त्याच वर्षी कूपर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात एफेड्रीन गटातल्या ४८ पैकी १० बाळांच्या नाळेतल्या रक्तात आम्ल वाढलेलं सापडलं, फिनाइलेफ्रीन गटात ४८ पैकी एका बाळाच्या. आयांना मळमळ-उलट्याही एफेड्रीनमध्येच जास्त होत होत्या.

असं का? उत्तर वारेपलीकडे होतं. २००९ मध्ये न्गान की यांच्या गटाने दोन्ही औषधं आईच्या आणि नाळेच्या रक्तात मोजली. एफेड्रीन वार ओलांडून बाळाच्या रक्तात आईच्या इतक्याच, किंबहुना थोड्या जास्त प्रमाणात पोचत होतं. फिनाइलेफ्रीन पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाळात पोचलेलं एफेड्रीन त्याच्या पेशींचं काम वाढवत होतं आणि त्यातून आम्ल साठत होतं. रक्तप्रवाह जपणारं औषध बाळाचा खर्चच वाढवत होतं. फक्त पुरवठ्याकडे बघणाऱ्या प्रयोगाला ही मागणीची बाजू दिसणं शक्यच नव्हतं.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात फिनाइलेफ्रीनची शिफारस झाली. त्याहून मोठा बदल म्हणजे अंधारी येण्याची वाट बघायची नाही. भूल दिल्याबरोबर औषध सुरू करायचं आणि वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांच्या वर ठेवायचा प्रयत्न करायचा.

म्हणजे आता 'फिनाइलेफ्रीन चांगलं, एफेड्रीन वाईट' असं पाठ करायचं का? तीच चूक पुन्हा नको. आम्ल वाढलेली बहुतेक बाळं वरकरणी ठणठणीतच होती, व्हर्जिनिया अपगार यांच्या १९५३ च्या गुणपद्धतीत दोन्ही गट सारखेच दिसत. प्रयोग मुख्यतः ठरवून केलेल्या सीझरमधल्या निरोगी बायकांवर झाले. फिनाइलेफ्रीनने नाडी मंदावते, म्हणून २०१५ पासून नॉरॲड्रेनलीनची चाचपणी सुरू आहे. आणि आपल्याकडच्या अनेक ओटींमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं औषध म्हणजे त्या चौघांतलंच मेफेन्टरमीन. पाश्चात्त्य वादात त्याचा उल्लेखही क्वचित येतो. आपल्या मातीतला प्रश्न आपण विचारला नाही तर दुसरं कुणी विचारेलच असं नाही.

तुमच्यासाठी

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पेपरांची यादी नव्हे, हे सगळे गाईड सांगतात. मग तो काय असतो, हे या गोष्टीतून घ्या.

राल्स्टन आणि सहकाऱ्यांनी काही चुकीचं केलं नाही. डेनिंग यांचा चष्मा इथेही लागू आहे: १९७४ मध्ये हातात होतं त्यातलं ते सर्वोत्तम होतं. गडबड झाली ती नंतर. 'नॉर्मल बीपीच्या मेंढ्यांमध्ये, या चार औषधांपैकी' हे शब्द उद्धृत होता-होता गळून गेले आणि उरलं फक्त 'एफेड्रीन सुरक्षित'. शर्ती गळाल्या, निष्कर्ष राहिला.

तेव्हा तुमच्या विषयातलं असं एक वाक्य निवडा, ज्याच्यापुढे प्रत्येक पेपरमध्ये दोन-तीन संदर्भ सवयीने चिकटवलेले असतात. त्या संदर्भांचे संदर्भ उघडत मुळापर्यंत जा. मूळ प्रयोग कुणावर झाला? सुरुवातीची स्थिती काय होती? तुलना कशाशी होती? मोजलं काय आणि ते कशाच्या बदल्यात मोजलं? ही चार उत्तरं एका पानावर लिहा. पाचपैकी चार वेळा वाक्य टिकेल, आणि तुम्ही ते अधिक खात्रीने लिहाल. पाचव्या वेळी कदाचित तुमचा प्रबंध सापडेल.

आणि एक. या सव्वाशे वर्षांत यंत्रं बदलली, औषधं बदलली, पण बीपीच्या मशीनचा पट्टा पुन्हा फुगायच्या आत धोक्याची पहिली खूण बहुतेकदा टेबलावरची बाईच देते: 'डॉक्टर, मला कसंतरी होतंय.' तुमचं संशोधन माणसांवर असेल तर अशा वाक्यासाठी तुमच्या तक्त्यात एक रकाना ठेवा.